मोवरची लास्ट परेड

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला पुढे वाचायचे नाही त्याचा वेळ वाचेल. आपल्या मैदानावर चालणाऱ्या गवत कापायच्या यंत्राला, म्हणजे लॉन मोवरला, वर्षातून एकदा रंग मिळतो. तो मिळावा. पण त्या रंगाच्या भरवशावर बाकीचे वर्ष त्याच्या पोटाखाली कोणी पाहत नाही, हे थांबावे. प्रत्येक कापणीनंतर दहा मिनिटे त्याची सफाई व्हावी आणि त्या दहा मिनिटांत माळीदादांच्या बरोबरीने अकरावीचे कॅडेट असावेत.

मराठी पानासाठी विषय किरकोळ वाटेल. या पानावर किल्ले असतात, परमवीर असतात, आईची आठवण असते. त्यांच्या शेजारी मोवर आणून ठेवला तर हसू येणारच. पण मी सातारा जिल्ह्यातला माणूस, ईएमई कोअरमध्ये हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि आता इथे शाळेचे स्टोअर पाहतो. ‘कर्म हि धर्म’ हे आमच्या कोअरचे बोधवाक्य. नोकरीची सगळी वर्षे लोखंड, तेल आणि गंज यांच्या संगतीत गेली. मला जे माहीत आहे त्यावरच मी लिहिणार.

फौजेत गाडी चालवणाऱ्याला तीन परेड शिकवतात. गाडी बाहेर काढण्याआधी तेल, पाणी, हवा, ब्रेक पाहायचे ती फर्स्ट परेड. वाटेत थांबल्यावर चाकांचे नट, कुठे गळती, कुठे काही गरम झाले आहे का ते पाहायचे ती हॉल्ट परेड. आणि परत आल्यावर गाडी साफ करायची, तेल भरायचे, जो दोष दिसला तो लिहून द्यायचा आणि मगच जेवायला जायचे, ती लास्ट परेड. ही तिन्ही कामे वर्कशॉपची नव्हेत, ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याची आहेत. वर्कशॉप मोडलेले दुरुस्त करते. न मोडू देणे हे वापरणाऱ्याचे काम. मोवरलाही इंजिन आहे, पेट्रोल आहे, तेल आहे, फिरणारे पाते आहे. मग त्यालाच लास्ट परेड का नाही?

आता थोडे यंत्राविषयी. गवत कापायचे पहिले यंत्र इंग्लंडमध्ये स्ट्राउड गावाजवळच्या एडविन बडिंग याने काढले आणि १८३० साली त्याचे पेटंट घेतले. कापड गिरणीत लोकरीच्या कापडावरचे तंतू सारखे कापणारे यंत्र त्याने पाहिले होते, त्यावरून त्याला हे सुचले. त्यात एका दंडगोलावर वळवलेली पाती खालच्या स्थिर पात्याला घासून फिरतात. म्हणजे ती कात्रीच झाली. क्रिकेटच्या खेळपट्टीवर अजूनही याच जातीचे मोवर वापरतात. आपल्या मोठ्या मैदानावरचा मोवर वेगळा आहे. त्यात एकच आडवे पाते छताच्या पंख्यासारखे फिरते. खाली दुसरे पाते नाही, त्यामुळे गवत कात्रीत धरून कापता येत नाही, नुसत्या वेगाने उडवावे लागते. मिनिटाला साधारण तीन हजार फेरे धरा आणि पाते टोकापासून टोकापर्यंत ५० सेंटिमीटरचे धरा. परीघ काढा, गुणाकार करा. पात्याच्या टोकाचा वेग ताशी २८० किलोमीटरच्या आसपास येतो.

या पात्यावर पत्र्याचे जे उपडे घमेले असते, त्याला डेक म्हणतात. बहुतेकांना ते पात्यावरचे झाकण वाटते. प्रत्यक्षात त्याला दोन मोठी कामे आहेत. पहिले काम कवचाचे. ताशी २८० किलोमीटरच्या पात्याखाली खडा आला, खिळा आला, कोणाच्या बुटाचा तुटलेला घोडानाल आला, तर तो बाहेर सुटू नये म्हणून डेक आहे. दुसरे काम हवेचे. पात्याची मागची कड वर वळवलेली असते. ती फिरताना हवा वर ओढते, त्या ओढीने लवलेले गवत उभे राहते, कापले जाते आणि डेकच्या गोलाईतून वाहत पिशवीत जाऊन पडते. म्हणजे डेकच्या आतली मोकळी जागा ही यंत्राची छाती आहे. ती कोंदली की यंत्राला दम लागतो.

ती कोंदते कशी? ताज्या गवतात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असते. पात्याने ते ठेचले जाते, रस उडतो, त्यावर माती आणि कातरण बसते. पहिल्या दिवशी तो हिरवा लेप बोटानेही निघतो. दोन दिवसांनी तो सारवलेल्या भिंतीसारखा होतो आणि आठवड्याने त्यावर पुढचा थर बसतो. मग हवा नीट ओढली जात नाही, गवत उभे राहत नाही, कापण्याऐवजी फाटते आणि दुसऱ्या दिवशी मैदानाचे शेंडे पिवळे दिसतात. कातरणाचे गोळे मागे पडत जातात. इंजिनवर ताण येतो, पेट्रोल जास्त लागते. आणि आपण म्हणतो, ‘माळीदादांनी आज नीट कापले नाही.’ माणूस तोच, पाते तेच. बिघाड झालेला असतो तो आत, जिथे कोणी पाहिलेले नसते.

हे झाले साचण्याचे. गंजाची गोष्ट याहून वाईट आहे, कारण साचलेले खरवडून काढता येते, गंजलेला पत्रा परत येत नाही. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, हे तुम्ही पुस्तकात वाचले आहे. पण एक बारकावा लक्षात घ्या. ओल्या गवताचा गोळा पत्र्याला चिकटला की त्याच्या कडेला हवा भरपूर असते आणि गोळ्याखाली कमी. धातूवर असा फरक पडला की तिथे एक छोटा विद्युत घटच तयार होतो आणि जिथे ऑक्सिजन कमी, तिथलेच लोखंड झिजू लागते. म्हणजे पत्रा खातो तो नेमका गोळ्याच्या खाली, डोळ्याआड. कुजणाऱ्या गवतातून आम्ले सुटतात. मैदानाला दिलेल्या खताचे क्षार त्यात मिसळतात. हे सगळे मिळून त्या ओलाव्यातून वीज वाहणे आणखी सोपे करतात.

शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. त्यामुळे रंगाखाली एक ठिपका गंज धरला की तो फुगतो, रंगाचा पोपडा उचलतो, त्या फटीत पाणी शिरते आणि गंज पुढे सरकतो. ॲल्युमिनियमवर जो थर बसतो तो घट्ट असतो, आतल्या धातूला वाचवतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, वाचवत नाही, उलट पाणी धरून ठेवतो.

मागे एका कॅडेटने मला विचारले, ‘उस्ताद, दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षे कसा उभा आहे?’ प्रश्न चांगला होता. त्या स्तंभाच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त आहे. आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा अभ्यास करून दाखवले, की त्या फॉस्फरसमुळे स्तंभाच्या पृष्ठभागावर एक पातळ, घट्ट थर तयार झाला आणि तोच त्याचे रक्षण करतो. दिल्लीची बरीचशी कोरडी हवाही मदतीला आली. आपल्या मोवरचा पत्रा त्या कुळातला नाही. तो साधा, पातळ, साच्यात दाबलेला पोलादी पत्रा आहे. त्याला जपणारा थर आपोआप येत नाही, आपल्याला द्यावा लागतो आणि टिकवावा लागतो.

हवामानाचा फरक मी स्वतः पाहिला आहे. जोधपूरला मोवरच्या पोटातला रंग वाळूने घासून निघायचा, पत्रा उघडा पडून चकाकायचा, पण हवा कोरडी असल्याने गंज हळू चढायचा. तेजपूरला पावसाळ्यात गवत सुकायची वाटच पाहायची सोय नव्हती. तिथे रात्रभर तसाच ठेवलेला मोवर सकाळी आतून नारिंगी दिसायचा. अंदमानात तर हवेतच मीठ. तिथे रंग उडालेली नखाएवढी जागासुद्धा सोडून चालत नव्हते. नौदलात जाणाऱ्या कॅडेटांनी हे आतापासून ऐकून ठेवावे. जहाजावर गंज खरवडणे आणि रंग लावणे हे काम कधी संपत नाही.

आता रंगाकडे येतो, कारण मतभेद इथेच आहे. वार्षिक निरीक्षण जवळ आले की आपल्याकडे चुना आणि गेरू निघतो, झाडांच्या बुंध्यांना पट्टे मिळतात, दगड पांढरे होतात आणि त्याच लाटेत मोवरलाही हिरवा रंग बसतो. मी हे याच ठिकाणी नव्हे, जिथे जिथे राहिलो तिथे पाहिले आहे. एका ठिकाणी तर पोटातल्या सुकलेल्या गवतावरूनच रंग फिरवला होता. दोन महिन्यांनी ती रंगीत खपली सुटून पडली आणि खालच्या पत्र्याला बोट जाईल एवढे भोक. आपल्याकडे म्हणतात तसे, वरून कीर्तन, आतून तमाशा.

गंजावर दिलेला रंग गंज थांबवत नाही, फक्त झाकतो. रंग द्यायचाच तर पद्धतीने द्यावा. आधी तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने पोपडे आणि गंज काढून पत्रा चकचकीत करायचा. खोल खड्ड्यांत राहिलेल्या गंजावर बाजारात मिळणारे फॉस्फोरिक आम्लाचे गंजरोधक द्रावण लावायचे. मग थिनरच्या फडक्याने तेलाचा अंश पुसायचा, रेड ऑक्साइडचा हात द्यायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा आणि त्यावर इनॅमलचे दोन पातळ हात. जाड एक हात देऊन काम उरकले तर तो आतून ओला राहतो आणि लवकर सुटतो. एवढे केले तरी त्या रंगाला अमरपट्टा नाही. पाते वाळू आणि बारीक खडे सतत डेकच्या आतल्या बाजूवर मारत असते. कारखान्यात वाळूचा मारा करून रंग काढतात, तेच काम मोवर स्वतःच्या पोटात करत असतो. म्हणून रंग ही ढाल आहे, पण तिच्यावर पहारा लागतो.

काही जण जळके ऑईल फासतात. उपाय स्वस्त आहे आणि पत्र्यावर पाणी बसू देत नाही हेही खरे. पण पुढच्या कापणीत ते गवतावर ठिबकते, मुळे जाळते, जमिनीत मुरते. ज्या मैदानावर मुले लोळतात तिथे मला ते नको. सिलिकॉनचा फवारा किंवा मेण लावले तर गवत कमी चिकटते, पण ते काही कापण्यांपुरतेच. लावायला हरकत नाही, विसंबायला आहे. बाजारात असे कोणतेही लेपन मी पाहिलेले नाही, की जे एकदा लावले आणि लास्ट परेड माफ झाली.

तर ती लास्ट परेड अशी. मोवर थांबला की इंजिन थोडे निवू द्यायचे. मग स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला करायची. ही पायरी कोणी कधीही गाळायची नाही, कारण पाते हाताने फिरवले तरी इंजिन सुरू होऊ शकते. विजेवर चालणारा मोवर असेल तर प्लग सॉकेटमधून काढायचा. पेट्रोलचा कॉक बंद करायचा. मोवर कलता करताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवायची, नाहीतर तेल फिल्टरमध्ये उतरते आणि पुढच्या वेळी दोरी ओढून ओढून खांदा जातो. मग लाकडी पट्टीने किंवा प्लास्टिकच्या उलथण्याने ओले गवत खरवडायचे. स्क्रू ड्रायव्हर वापरायचा नाही, तो गवताबरोबर रंगही काढतो आणि प्रत्येक ओरखडा म्हणजे गंजाला दिलेले आमंत्रण. कोपरे आणि बाहेर टाकायची वाट काथ्याच्या ब्रशने साफ करायची. पाइपचा जोरदार फवारा पात्याच्या मधल्या बेअरिंगवर मारायचा नाही. पाणी वापरलेच तर कोरड्या फडक्याने पुसून, वाऱ्यावर सुकवून मगच शेडमध्ये. कुठे रंग उडालेला दिसला तर तारीख घालून वहीत लिहायचे आणि त्या शनिवारी तेवढ्याच जागेला रंगाचा हात द्यायचा. गवत ओले असताना कापले जाऊन पोट लवकर कोंदते, म्हणून दव उतरल्यावर कापणे बरे. पावसाळ्यात ते जमत नाही, तेव्हा खरवडणे दुप्पट मन लावून करायचे.

या सगळ्याला दहा मिनिटे लागतात. मी घड्याळ लावून पाहिले आहे. हेच काम महिनाभर साचवून केले तर अर्धा दिवस जातो आणि पत्रा जातो तो वेगळाच.

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा, की हे माळ्याचे काम आहे, कॅडेटचे नव्हे. आपले माळीदादा हे काम माझ्याहून चांगले जाणतात. पण कापणी संपते तेव्हा त्यांना पुढच्या बागेचे पाणी, रोपे, झाडलोट उभी असते. यंत्र बिघडले की बोलणी मात्र त्यांनाच बसतात. त्या मैदानावर फुटबॉल तुम्ही खेळता, पीटी तुम्ही करता. दोन हात तुमचे लागले तर काय बिघडले? शिवाय उद्या तुमच्यातला जो अधिकारी होईल, त्याच्या हाताखाली शेकडो गाड्या आणि यंत्रे असतील. ती चालवणारा जवान त्याला सांगेल, ‘साहेब, सगळे ठीक आहे.’ ते ठीक आहे की नाही हे ज्याने एकदाही वाकून पाहिलेले नाही, त्याला कसे कळणार?

दुसरा आक्षेप वेळेचा. एनडीएची तयारी, बोर्डाची परीक्षा, प्रेप, खेळ. मान्य. म्हणून मी रोज म्हणत नाही. दर हाऊसचे दोन कॅडेट, आळीपाळीने, कापणीच्या दिवशी दहा मिनिटे. चार हाऊस धरले तर एका कॅडेटची पाळी वर्षात एखाददुसऱ्या वेळीच येईल. बुटाला पॉलिश करायला याहून जास्त वेळ जातो.

तिसरा आक्षेप धोक्याचा, आणि तो मी सर्वांत गंभीर मानतो. पात्याजवळ मुलांचे हात नकोत, हे अगदी बरोबर. म्हणून प्लगची टोपी माळीदादा स्वतः काढतील आणि ती सर्वांना दिसेल अशी बाहेर ठेवतील. त्याआधी कोणीही यंत्राला हात लावणार नाही. हातात जाड मोजे असतील. पात्याला कोणी हात घालणार नाही, धार आणि नट हे काम माळीदादांचे आणि माझे. लहान वर्गांना हे काम नाहीच. पण हेही ध्यानात घ्या की न पाहिलेला डेक जास्त धोक्याचा आहे. इंजिन आणि पाते ज्या बोल्टांवर टांगलेले असते ते बोल्ट डेकच्या पत्र्यातच बसवलेले असतात. पत्रा गंजून पातळ झाला की त्या भोकांना चिरा जातात, पाते थरथरू लागते आणि जे कवच खडा अडवणार होते तेच फाटते. त्या वेळी मैदानाच्या कडेला सातवीची मुले उभी असतात.

‘जुना झाला तर नवा घेऊ’ असेही कोणी म्हणते. नवा घेता येईलही. पण सवय जुनीच राहिली तर तोही त्याच वाटेने जाईल. माझ्या गावी बैलपोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतात. शिंगांना रंग दुसऱ्या दिवशी लागतो, आधी खांदा. कारण वर्षभर जू तिथे घासलेले असते आणि बैल कामाला येणार की नाही हे शिंगावर नव्हे, खांद्यावर ठरते. आमच्या आजोबांना कोणी देखभालीचा वर्ग दिला नव्हता, पण यंत्राची कोणती जागा आधी पाहायची ते त्यांना ठाऊक होते.

माझ्या मागण्या तीनच आहेत आणि तिन्ही फुकट आहेत. मोवरसाठी एक वही ठेवावी आणि प्रत्येक कापणीनंतर तीत सही व्हावी. हाऊसच्या पाळ्या लावून सूचनाफलकावर टांगाव्यात. आणि निरीक्षणाच्या दिवशी मोवर रंगवून उभा करण्याऐवजी, प्लगची टोपी काढून, आडवा करून, पोट दिसेल असा ठेवावा. येणारे साहेब फौजी आहेत, कुठे पाहायचे ते त्यांना सांगावे लागणार नाही.

खंडेनवमी जवळ आली आहे. त्या दिवशी स्टोअरमध्ये आपण सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लावतो, मोवरलाही झेंडूची माळ घालतो. माळ जरूर घालू. फक्त त्याच्या आदल्या दिवशी दोन कॅडेट लाकडी पट्टी घेऊन शेडवर या. पट्ट्या मी कापून ठेवल्या आहेत.